खेळण्यातल्या गाडीला गाव कसं मिळालं?

(पॉडकास्टच्या या भागाचं लेखी रूप. बोलतानाचे 'अं', 'म्हणजे' आणि मध्येच वाजलेल्या कुकरच्या शिट्ट्या काढून टाकल्यात. बाकी जसंच्या तसं.)

इतिहास म्हटलं की आपल्यासमोर लढाया, तह आणि सनावळ्या येतात. आज मी तुम्हाला एका डोंगराचा इतिहास सांगणार आहे. हा डोंगर कॅलिफोर्नियातल्या माँटेरे गावात होता, आणि तोही एका घराच्या तळघरात. उंची म्हणाल तर जमिनीपासून छतापर्यंत. बांधकाम सुमारे १९ वर्षं चाललं, तरी पूर्ण झालं नव्हतं. आणि १९७३ च्या जानेवारीत तो जळून गेला.

प्लास्टरचा डोंगर होता तो. त्याच्या अंगाखांद्यावरून बोटभर उंचीची माणसं आणि हातभर लांबीच्या गाड्या फिरायच्या. तरी आज ५० वर्षांनंतरही कुणी घरात छोटी रेल्वे मांडून तिच्याभोवती ओढे, टेकड्या, झाडं करायला बसलं, की त्या डोंगराचं नाव हमखास निघतं. ज्यांनी तो कधी पाहिला नाही, ज्यांचा जन्मच तो जळाल्यावर झाला, तेसुद्धा त्यातल्या दऱ्या ओळखतात.

आता मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस. 'गोष्ट गेली पण काम राहिलं' असं काही ऐकलं की माझे कान टवकारतात. ते कसं झालं, ते आज बघू.

सुरुवातीला नुसते रूळ

आधी थोडी पार्श्वभूमी. १८९१ मध्ये जर्मनीतल्या मेर्क्लिन कंपनीने लाइपझिगच्या जत्रेत चावीवर चालणारी रेल्वे आणली. पत्र्याच्या गाड्या त्याआधीही होत्या. मेर्क्लिनने रुळांची मापं ठरवून दिली. आज इंजिन घ्या, वाढदिवसाला दोन डबे घ्या, दिवाळीला सिग्नल घ्या. सगळं एकमेकांना जुळणार. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांनी स्टँडर्ड ठरवलं आणि मग त्यावर आयुष्यभर माल विकला.

पण ही गाडी धावायची कुठे? दिवाणखान्यात, गालिच्यावर. खेळ संपला की रूळ सुटे करून डब्यात. आता विचार करा, जी वस्तू रोज संध्याकाळी आवरून ठेवायची आहे, तिच्याभोवती डोंगर कोण करणार? देखाव्यासाठी पहिली अट कलेची नाहीच. पहिली अट अशी की रेल्वे कायमची मांडलेली पाहिजे. तिला घरात स्वतःची जागा पाहिजे.

ती जागा मिळायला दोन गोष्टी घडाव्या लागल्या. एक म्हणजे वीज आली. दुसरी, गाड्या लहान झाल्या. १९३० च्या दशकात एचओ हे माप रुळलं. एचओ म्हणजे आधीच्या ओ मापाच्या निम्मं. खऱ्या वस्तूच्या ८७ पट लहान. या मापात तुमच्याआमच्यासारखा माणूस फक्त २ सेंटिमीटरचा होतो. आपल्या एक्स्प्रेसचा नवा एलएचबी डबा साधारण २७ सेंटिमीटरचा. त्याच मेजावर आता वळणं, यार्ड, दोन-तीन स्टेशनं मावायला लागली, आणि रुळांच्या मधे मोकळी जागा उरायला लागली. ती मोकळी जागा बघून माणसाचे हात शिवशिवणारच.

मात्र ८७ पट लहान करूनही जग काही घरात मावत नाही. साधा हिशेब करा. कर्जत ते लोणावळा लोहमार्गाने साधारण २८ किलोमीटर. भागिले ८७, म्हणजे ३२० मीटर. एवढी लांब खोली कुणाकडे आहे? लोणावळा समुद्रसपाटीपासून ६२० मीटरच्या आसपास. भागिले ८७, म्हणजे ७ मीटर. तुमच्या फ्लॅटचं छत फोडून वरच्या काकूंच्या स्वयंपाकघरात लोणावळा निघेल.

म्हणजे घरातला घाट हा खऱ्या घाटाची छोटी प्रत असूच शकत नाही. काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हे ठरवावं लागतं. २५ बोगद्यांऐवजी दोन. गाव म्हणजे चार घरं, एक देऊळ, एक पार. तरी बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की हा घाटच आहे. इथे मोजमाप संपतं आणि गोष्ट सांगणं सुरू होतं.

नाटकवाला आणि दरीवाला

गोष्ट सांगण्याची ही बाजू अमेरिकेत पहिल्यांदा नीट मांडली ती न्यू ऑर्लिन्सच्या फ्रँक एलिसनने. हा मूळचा रंगभूमीवरचा माणूस. त्याच्या घरच्या रेल्वेचं नाव डेल्टा लाइन्स. १९४४ मध्ये त्याने 'मॉडेल रेलरोडर' या मासिकात एक लेखमाला लिहिली. हे मासिक १९३४ पासून निघतंय, अगदी मंदीच्या काळात सुरू झालेलं. एलिसनचं म्हणणं सोपं होतं: घरची रेल्वे म्हणजे नाटक. गाड्या ही पात्रं, वेळापत्रक हे कथानक आणि देखावा म्हणजे नेपथ्य. नेपथ्य नसलं तर पात्रं नुसती रंगमंचावर गोल गोल फिरतात. कुठून आली, कुठे चालली, काही कळत नाही.

त्याच सुमारास, अटलांटिकच्या पलीकडे, जॉन अहर्न नावाचा इंग्रज गृहस्थ हेच करून दाखवत होता. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने मॅडर व्हॅली रेल्वे नावाची एक काल्पनिक दरी बांधायला घेतली. एका टोकाला मॅडरपोर्ट हे बंदर, दुसऱ्या टोकाला गॅमन मॅग्ना. रेल्वे अगदी फडतूस: एकेरी मार्ग, जुनाट इंजिनं, घाई कुणालाच नाही. पण गावं? गावं खरी वाटायची. इमारती पुठ्ठ्यातून कापलेल्या. कुठल्या तरी खऱ्या गावातली गिरणी, दुसऱ्या गावातलं हॉटेल, तिसरीकडचा पूल, असं वेगवेगळ्या ठिकाणचं उचलून एका दरीत आणून बसवलेलं.

अहर्नच्या आधी लोक रूळ टाकायचे आणि मग उरलेल्या जागेत घर ठेवायचे. अहर्नची दरी बघताना वाटतं की आधी दरी होती, मग नदी आली, मग गाव वसलं आणि सगळ्यात शेवटी कुणीतरी रेल्वे आणली. खऱ्या जगात हाच क्रम असतो ना? नदीच्या काठाकाठाने रूळ जातात. रुळाच्या काठाने नदी जात नाही.

आणि अहर्नने दुसरी एक गोष्ट केली. जे केलं ते लिहून ठेवलं. इमारती कशा करायच्या यावर पुस्तक, इंजिनं कशी करायची यावर पुस्तक, आणि १९५१ मध्ये छोटे निसर्गदेखावे कसे करायचे यावर पुस्तक. हे लक्षात असू द्या, पुढे कामाला येणार आहे.

गाव मरतंय, मोजून घ्या

आता तिसरा माणूस. याची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते.

रॉय इंग्लंड हा ऑस्ट्रेलियातला पोरगा. आडनावच इंग्लंड! १९२५ मध्ये तो इंग्लंड देशात आला. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा वेडा. पण स्विंडनजवळच्या व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स या खोऱ्यात राहायला लागला आणि गाड्यांइतकाच तिथल्या खेड्यांच्या प्रेमात पडला. गवताने शाकारलेली छपरं, वाकड्या भिंती, परसातली भाज्यांची आळी. आणि त्याच्या डोळ्यांदेखत हे सगळं चाललं होतं. शाकारणी महाग पडते म्हणून लोक पत्रे घालत होते. जुनी घरं पाडत होते. त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. पावसाळ्यात गळणाऱ्या घरात राहणाऱ्याला पत्रा हवाच असतो, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

रॉयने मोर्चा काढला नाही, पाटी लावली नाही. त्याने ठरवलं, मी हे खोरं लहान करून ठेवतो. ७६ पट लहान. घराघरात जाऊन मापं घ्यायची, फोटो काढायचे, विटांचा रंग टिपायचा, बागेत काय लावलंय ते लिहायचं. आणि मग ते घर पुठ्ठ्यात जसंच्या तसं. एकेका घराला शेकडो तास. घाई नाही.

१९५४ मध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या लाँग विटनम गावी, एका जुन्या पबच्या जागेत, त्याने पेंडन म्युझियम सुरू केलं. स्वयंसेवक जमले. रॉय १९९५ मध्ये गेला, पण १९२०-३० च्या दशकांतलं ते खोरं तिथे अजून आहे. त्यातून छोटीशी गाडी अजून जाते.

म्हणजे एलिसनसाठी देखावा हे नेपथ्य होतं, अहर्नसाठी स्वप्नातली दरी होती, आणि रॉयसाठी ती नोंदवही होती. तिन्ही वेळा हत्यारं तीच: पुठ्ठा, सुरी, प्लास्टर, रंग.

माँटेरेचं तळघर

आता आपण त्या जळालेल्या डोंगराकडे येऊ.

जॉन अ‍ॅलनचा जन्म १९१३ चा, मिझुरी राज्यातल्या जॉप्लिनचा. लहानपणीच आई-वडील गेले. पुढे तो लॉस एंजेलिसमध्ये फोटोग्राफर झाला. १९४६ मध्ये धंद्यातून बाहेर पडून माँटेरेला आला आणि त्यानंतर आयुष्यभर त्याने मुख्यतः एकच काम केलं. रेल्वे बांधली.

पहिली रेल्वे लहानच होती, साधारण साडेतीन फूट बाय पावणेसात फूट. एखाद्या सिंगल बेडएवढी. मग नवं घर घेतल्यावर १९५४ च्या सुमारास त्याने तळघरात मोठं काम काढलं. ती पहिली लहान रेल्वे त्याने मोडली नाही. उचलून नव्या रेल्वेत एक तुकडा म्हणून बसवून टाकली. जुना कोड फेकून न देता नव्या सिस्टिममध्ये मॉड्यूल म्हणून वापरला, असं आमच्यात म्हणतात.

रेल्वेचं नाव गोर अँड डॅफेटिड. स्पेलिंग असं की वाचताना काहीतरी फ्रेंच खानदानी वाटावं. पण मोठ्याने म्हणा: 'गोरी अँड डिफीटेड'. रक्तबंबाळ आणि पराभूत! याच्या यार्डात डबे ढकलायला एक डायनोसॉर होता. एमा नावाची स्टेगोसॉरस, नंबर १३. माणूस गंभीर होता, पण गंभीर चेहऱ्याचा नव्हता.

अ‍ॅलन फोटोग्राफर होता, आणि हेच त्याचं भांडवल. त्याला माहीत होतं की कुठलीच खरी वस्तू एकाच रंगाची नसते. तोपर्यंत लोकांची मॉडेलं दुकानातून आणल्यासारखी चकचकीत असायची. अ‍ॅलनने त्यांना मळवलं. इंजिनावर काजळी, डब्याच्या खाली धूळ, खिळ्याखालून ओघळलेला गंज. आज याला वेदरिंग म्हणतात आणि त्यासाठी वेगळे रंग विकत मिळतात. तेव्हा हा विचारच नवा होता की खोटी वस्तू खरी वाटायला हवी तर तिला ऊन-पाऊस लागला पाहिजे.

दुसरं म्हणजे उंची. बहुतेकांची रेल्वे मेजावर असायची, त्यामुळे तिची जमीन मेजाच्या उंचीवर सुरू व्हायची. अ‍ॅलनने दऱ्या थेट तळघराच्या फरशीपर्यंत खाली नेल्या आणि डोंगर वर छतापर्यंत. आत शिरलेल्या माणसाला रेल्वेकडे खाली वाकून बघता यायचं नाही. मान वर करून बघावं लागायचं. एवढ्याशा फरकाने तुम्ही राक्षस राहत नाही, दरीत उभे असलेले प्रवासी होता.

तिसरं म्हणजे डोळ्याला फसवणं. लांबची वस्तू लहान दिसते, हे आपल्याला माहीत आहे. म्हणून मागच्या उतारावरची घरं आणि झाडं मुद्दाम आणखी लहान करायची. दोन फुटांवरचा डोंगर मग दोन मैलांवर जातो. आणि आरसे! अ‍ॅलन आरशांचा उस्ताद होता. पुलाच्या कमानीमागे किंवा रस्त्याच्या टोकाला आरसा नेमका बसवला की रस्ता दुप्पट लांब होतो. आरशाच्या कडा झाडात, इमारतीत लपवायच्या. नियम एकच: बघणाऱ्याला त्यात स्वतःचं तोंड दिसता कामा नये.

व्हार्नी नावाची मॉडेल कंपनी आपल्या जाहिरातींत अ‍ॅलनचे फोटो छापायची. मासिक उघडलं की ते डोंगर दिसायचे. आयोवा किंवा ओहायोच्या एखाद्या तळघरात प्लायवूडवर गोल रूळ टाकून बसलेला माणूस ते बघायचा आणि विचार करायचा, हे मलाही जमेल का?

डोंगर करायची रेसिपी

'जमेल' असं सांगायला कुणीतरी लागतं. ते काम लिन वेस्टकॉटने केलं. हा 'मॉडेल रेलरोडर'चा संपादक, १९६१ पासून १९७७ पर्यंत.

त्याआधी डोंगर करायची रीत अशी: लाकडी सांगाडा, त्यावर खिळ्यांनी तारेची जाळी, जाळीवर प्लास्टरचे थर. हात ओरबाडायचे, वजन प्रचंड व्हायचं, आणि एकदा झाल्यावर बदलायचं म्हणजे कटकट. वेस्टकॉटने जी पद्धत सर्वांपर्यंत पोहोचवली तिचं नाव हार्डशेल. आपण तिला कवचाची पद्धत म्हणू.

वर्तमानपत्राचे बोळे करून डोंगराचा आकार रचायचा. मग कडक जिप्सम प्लास्टर पाण्यात पातळ कालवायचं, त्यात पेपर टॉवेलचे तुकडे बुडवायचे आणि ते बोळ्यांवर एकावर एक पांघरायचे. थोड्या वेळात प्लास्टर घट्ट होतं. मग खालून बोळे काढून टाकायचे. उरतं ते पातळ, पोकळ, पण मजबूत कवच. कुठे बोगदा हवा असेल तर कापा, पुन्हा लिंपा.

ऐकल्यासारखं वाटतंय? दिवाळीतला किल्ला आठवा. विटा-दगड रचायचे, चिखलात कालवलेलं गोणपाट त्यावर पांघरायचं, आणि वर हळीव पेरायचे. तत्त्व तेच. ओलं कापड सांगाड्याचा आकार घेतं आणि वाळल्यावर तो सोडत नाही. फरक एवढाच की आपला मावळा बुरुजापेक्षा उंच असतो आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही.

कवच झालं की त्याची माती करायची. वेस्टकॉटने यालाही एक सोपी युक्ती दिली: कोरड्या प्लास्टरमध्ये रंगाची पूड मिसळायची आणि ओल्या पृष्ठभागावर चाळणीने भुरभुरवायची. रंगाचा हात मारल्यासारखं सपाट दिसत नाही, माती दिसते. गवतासाठी हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा. झुडपांसाठी लायकेन, म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचा भाऊबंद. तो वाळून चुरा होऊ नये म्हणून ग्लिसरीनमध्ये मुरवलेला. पुढे १९७५ मध्ये वुडलँड सीनिक्स कंपनी निघाली, फोमचा रंगीत चुरा आणि तयार झाडं पाकिटात मिळायला लागली, आणि भुशाचे दिवस सरले. आज थर्माकोलसारखा फोम कापून डोंगर करतात. पण कवचाची पद्धत अजून मेलेली नाही, कारण तिला लागतं काय? रद्दी आणि प्लास्टर.

यात मला काय आवडतं सांगू? अ‍ॅलन प्रतिभावान होता. प्रतिभा वाटता येत नाही. रेसिपी वाटता येते. 'वर्तमानपत्राचे बोळे करा' हे वाक्य कुणालाही कळतं. हजारो सामान्य माणसांच्या घरी डोंगर उभे राहिले ते अ‍ॅलनचे फोटो बघून आणि वेस्टकॉटची कृती वाचून. दोन्ही लागलं.

जानेवारी १९७३

६ जानेवारी १९७३ ला हृदयविकाराच्या झटक्याने जॉन अ‍ॅलन गेला. वय ५९. रेल्वे अजून पूर्ण झाली नव्हती. दहाच दिवसांनी त्या घरात आग लागली आणि गोर अँड डॅफेटिड जवळजवळ सगळी गेली. माणूस गेला आणि पाठोपाठ त्याचा डोंगर.

घरातल्या रेल्वेचं हे कटू सत्य आहे. आग हा अपवाद, पण शेवट बहुधा तोच. चित्र भिंतीवरून काढून दुसऱ्या भिंतीवर लावता येतं. पुस्तक कपाटात राहतं. प्लास्टरचा डोंगर त्या खोलीच्या मापाने बनलेला असतो. घर विकलं, बदली झाली, माणूस गेला, की करवत घेऊन तुकडे करावे लागतात. आपण भाड्याच्या फ्लॅटमधली पिढी. ११ महिन्यांच्या करारावर डोंगर कोण बांधणार?

मग अ‍ॅलनचं काय उरलं? फोटो. त्याने स्वतः काढलेले, प्रकाश लावून, कोन शोधून. वेस्टकॉटने ते आणि बाकीची माहिती जमवून पुस्तक केलं. दुर्दैव बघा, १९८० मध्ये वेस्टकॉटही गेला, आणि 'मॉडेल रेलरोडिंग विथ जॉन अ‍ॅलन' हे पुस्तक १९८१ मध्ये त्याच्या मागे आलं. आजचे लोक ज्या दऱ्या ओळखतात त्या या पुस्तकातल्या आणि जुन्या मासिकांतल्या. डोंगर जळाला, बॅकअप वाचला.

आणि अहर्नची मॅडर व्हॅली? तो १९६१ मध्ये गेला. त्याची दरीसुद्धा अशीच कुठेतरी तुकड्यांत संपायची. पण ती पोहोचली पेंडनला. म्हणजे रॉय इंग्लंडच्या म्युझियममध्ये! ज्याने खऱ्या खेड्यांसाठी आयुष्य घातलं, त्याच्याच छपराखाली एका खोट्या दरीलाही जागा मिळाली. आजही ती तिथे आहे. १९३० च्या दशकातला पुठ्ठा अजून उभा आहे, कारण कुणीतरी दुसऱ्याने ती सांभाळायची जबाबदारी घेतली.

तीन माणसं, तीन शेवट. एकाची वस्तू गेली पण नोंद राहिली. एकाची वस्तू दुसऱ्याने वाचवली. आणि एकाने आधीच संस्था उभी केली, म्हणजे आपल्यानंतर कुणी असेलच. चौथा शेवटही आहे, आणि तो सगळ्यात जास्त घडतो: काहीच राहत नाही.

शकुंतलेचं स्टेशन

आता हे सगळं मी का वाचत बसलो, ते सांगतो.

माझं आजोळ विदर्भात, मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावरच्या एका गावात. तीच ती 'शकुंतला'. इंग्रजी कंपनीने कापसासाठी टाकलेली छोट्या रुळांची गाडी, रुळांतलं अंतर अडीच फूट. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. आता गेली काही वर्षं ती बंद आहे. पुढेमागे मोठे रूळ येतीलही, यावेत. पण छोटं स्टेशन राहील असं मला वाटत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी टेप घेऊन ते स्टेशन मोजायला गेलो. मामा बांधावरून ओरडला, "काय मोजून राह्यला रे तू ते पडकं?" मी म्हटलं, "मामा, याचं मॉडेल करतोय." तो हसला. पण १० मिनिटांनी टेपचं दुसरं टोक त्याच्याच हातात होतं.

तेव्हा एक गोष्ट कळली जी पुस्तक वाचून कळली नव्हती. घरात स्टेशनचे फोटो आहेत, पण सगळे पुढून काढलेले. लग्नाला आलेली पाहुणेमंडळी, मागे स्टेशनची पाटी. इमारतीची मागची बाजू कुणाकडेच नाही. फोटोला एक बाजू चालते. मॉडेलला चारही लागतात. खिडकी किती उंचीवर? पाण्याचा माठ कुठे असायचा? कडुनिंब फलाटाच्या या टोकाला की त्या? आज्जी म्हणाली या टोकाला, मामा म्हणाला त्या. दोघांचं अर्धा तास भांडण झालं, आणि त्या भांडणातून मला स्टेशनमास्तरची शेळी, कापसाच्या गाठींची थप्पी आणि उधारीवर चालणारी चहाची टपरी अशा तीन नव्या गोष्टी मिळाल्या. कडुनिंब शेवटी जमिनीतल्या खुंटावरून सापडला. आज्जी बरोबर होती.

एचओ मापात हे स्टेशन माझ्या पुस्तकांच्या एका फळीवर मावतं. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर, भागिले ८७, उत्तर पावणेनऊ. बाजारात ९ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. पाव मिलिमीटरची चूक शकुंतला मोठ्या मनाने माफ करेल. फळी अशी केलीय की फ्लॅट बदलताना डिकीत जाईल. मापं, फोटो आणि आज्जीचं भांडण, तिन्ही मी वेगळं साठवून ठेवलंय, दोन ठिकाणी.

लगेच उठून तुम्हीही डोंगर बांधा असं मी म्हणत नाही. ज्यांना चाललेली छोटी रेल्वे बघायचीय त्यांच्यासाठी पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे, १९९८ पासून. तेही एका माणसाच्या छंदातूनच उभं राहिलंय. पोरांना घेऊन जा, आणि स्वतःही काचेजवळ डोळा नेऊन बघा.

पण एक काम मात्र करा. तुमच्या गावात लवकरच पडणार आहे अशी एखादी साधी इमारत असेल. स्टेशन, गिरणी, शाळेची जुनी खोली, एसटीचा थांबा. सुट्टीत गेलात की तिच्या चारही बाजूंचे फोटो काढा. मागची बाजू विसरू नका. दाराची उंची, खिडकीची रुंदी मोजा आणि तिथेच वहीत लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की समोर कोणतं झाड होतं. मॉडेल तुम्ही करा, तुमची मुलं करोत, नाहीतर कुणीच न करो. मापं असली तर करता येईल, नसली तर नाही.

तुम्ही काय मोजलंत ते मला कळवा, काही नोंदी पुढच्या एखाद्या भागात वाचून दाखवेन. हा भाग आवडला असेल तर अशा एका मित्राला पाठवा ज्याच्या घरी माळ्यावर अजून चावीची गाडी पडून आहे. भेटू पुढच्या भागात. तोवर, काळजी घ्या!